पाठीला डोंगर, समोर बंदर

केप टाऊनला लोक टेबल माउंटन पाहायला जातात, पेंग्विन पाहायला जातात, क्रिकेटच्या सामन्याला जातात. आम्ही गेलो ते चालायला. सात दिवस, एकटे. (‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच. लिहिताना ‘मी’ म्हणायची सवय आमच्या घरात कुणाला नव्हती, ती आता या वयात लागायची नाही.) मुंबईहून जाताना वाटेत आखातात किंवा अदिस अबाबाला विमान बदलावे लागते, व्हिसा आधी काढावा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाला “एकट्यानेच का?” या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण.

एकट्याने का, याचे उत्तर सोपे आहे. गटाबरोबर गेले की गटाच्या पोटाची आणि खरेदीची वेळ पाळावी लागते. एकटा माणूस एखाद्या दारासमोर पाऊण तास उभा राहिला तरी कुणी घड्याळ दाखवत नाही. मात्र रात्रीच्या एकट्या प्रवासाबद्दल हदीसमध्ये सावध केलेले आहे, आणि या शहरात ती गोष्ट शब्दशः पाळावी. सिग्नल हिलच्या निर्जन पायवाटांवर एकट्याने जाऊ नये, मोबाइल हातात नाचवत चालू नये, मगरिबनंतर दोन चौक जायचे असले तरी टॅक्सी बोलवावी. हॉटेलच्या दरवानापासून मशिदीच्या मुअज्जिनापर्यंत प्रत्येकाने आम्हांला हेच सांगितले. दिवसा मात्र शहराचा जुना भाग खुशाल पायी पाहावा. बंदरापासून बो-कापपर्यंतचे अंतर जेमतेम अर्ध्या तासाचे.

तिथे गेल्यावर आधी दिशा नव्याने शिकाव्या लागतात. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावली उलट्या बाजूला पडते आणि चालणाऱ्याचा अंदाज फिरतो. टेबल माउंटन शहराच्या दक्षिणेला भिंतीसारखा उभा, हजार मीटरहून उंच, समुद्र उत्तरेला. आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेल्या आपल्यासारख्या माणसाला तिथे किबला सापडतो तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला. म्हणजे बो-कापमधल्या कुठल्याही मशिदीत सफमध्ये उभे राहिले की पाठीला डोंगर असतो आणि तोंड बंदराकडे. ज्या बंदरात या लोकांच्या पूर्वजांना साखळ्या घालून उतरवले, त्याच बंदराच्या दिशेने ते दोनशेहून अधिक वर्षे पाच वेळा तोंड करून उभे राहत आले आहेत. हे आमच्या लक्षात आले ते तिसऱ्या दिवशी, असरच्या वेळी. नंतर ते डोक्यातून गेले नाही.

बंदराबद्दल थोडक्यात सांगतो. १८६० साली राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड याच्या हस्ते बंदराच्या धक्क्याचे काम सुरू झाले. त्यांच्याच नावाने आज ते ‘व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट’ म्हणून ओळखले जाते. लाल रंगाचा घड्याळाचा मनोरा आहे, १८८२ चा. धक्क्याच्या फळ्यांवर सील आडवे पडलेले असतात, भर दुपारी घोरतात. बाकी सारी दुकाने आणि हॉटेले. पैसे असतील तर दिवस घालवावा, नसतील तर दोन तास पुरतात.

शहराकडे चालू लागले की मधला सपाट, रुंद रस्त्यांचा भाग लागतो. ही सारी विसाव्या शतकात भर घालून काढलेली जमीन. जुना किल्ला, ‘कॅसल ऑफ गुड होप’, १६६६ ते १६७९ या काळात बांधला तेव्हा लाटा त्याच्या दारापर्यंत येत. आज त्याच्या समोर बसगाड्या आणि रेल्वे स्टेशन. मुंबईकराला यात नवल वाटायचे कारण नाही.

हे शहर वसले कशासाठी? आपल्यासाठी, असे म्हटले तर चालेल. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने यान व्हान रिबेक याला इथे पाठवले ते भाजीपाला लावण्यासाठी. हिंदुस्थान आणि जावा-सुमात्राकडे मसाल्यासाठी जाणाऱ्या जहाजांना अर्ध्या वाटेत गोडे पाणी, ताजे मांस आणि भाजी मिळावी, एवढाच हेतू. तो मळा आजही ‘कंपनीज गार्डन’ या नावाने शहराच्या मध्यभागी आहे. बाकांवर म्हातारे बसतात, खारी हातातून शेंगदाणे घेतात. भाजीच्या मळ्याला मजूर लागतात. ते कंपनीने विकत आणले.

बागेच्या तोंडाशीच ‘स्लेव्ह लॉज’ आहे. १६७९ ची इमारत, कंपनीच्या मालकीचे गुलाम इथे कोंडले जात, आता संग्रहालय. पण आम्ही जास्त वेळ उभे राहिलो ते शेजारच्या चर्च स्क्वेअरमध्ये. तिथे जमिनीवर काळ्या ग्रॅनाइटचे ठोकळे बसवले आहेत. त्यांतल्या काहींवर गुलामांची नावे कोरली आहेत. नावे म्हणजे काय, मालकाच्या मर्जीची. एखाद्याला ज्या महिन्यात विकत घेतले त्या महिन्याचे नाव. सप्टेंबर, फेब्रुवारी अशी आडनावे केपमध्ये आजही आहेत. मग गावाचा शिक्का, ‘व्हान’ म्हणजे अमुक ठिकाणचा. व्हान मलबार, व्हान कोरोमंडल, व्हान बेंगालेन. केपमध्ये दीडशे वर्षांत साठ हजारांहून अधिक गुलाम आणले गेले आणि त्यांतला सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशातून गेलेला होता, हे किती जणांना माहीत आहे? तिथून दोन पावलांवर, स्पिन स्ट्रीटच्या मध्ये, एक लहानशी गोल पाटी जमिनीत आहे. या जागी असलेल्या झाडाखाली गुलामांचा लिलाव होई. दोन्ही बाजूंनी गाड्या जात असतात. वाकून पाटी वाचायला जागाही धड नाही.

तिथून डोंगराच्या अंगाने चढत गेले की बो-काप. केपचा वरचा भाग, एवढाच त्या नावाचा अर्थ. गुळगुळीत दगडी फरसबंदीचे उभे रस्ते आणि पोपटी, गुलाबी, निळी, नारिंगी, जांभळी अशी एकमजली घरे. मालकीची झाल्यावर लोकांनी गुलामीच्या काळातला पांढरा रंग पुसला म्हणून हे रंग आले, असे वाटाडे सांगतात. गोष्ट छान आहे, खरी किती ते सोडून द्या. प्रत्येक घराला दारापुढे ‘स्टूप’ असतो. स्टूप म्हणजे शंभर टक्के आपला ओटा. बायका त्यावर भाजी निवडतात, म्हातारे तसबीह घेऊन बसतात, पोरे पायरीवरून उड्या मारतात. आणि समोरून येणारे पर्यटक त्याच ओट्यावर चढून फोटो काढतात. एका आजींनी आमच्याकडे पाहून मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाल्या, “घराला रंग दिला हीच आमची चूक झाली बघा.” आम्ही सलाम केला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. कुठून आलात, जेवलात का, मशीद पाहिली का, सगळे एका दमात.

मशीद म्हणजे अव्वल मशीद, डॉर्प स्ट्रीटवरची. १७९४ ची, दक्षिण आफ्रिकेतली पहिली. बाहेरून पाहिली तर आपल्या एखाद्या मोहल्ल्यातली वाटावी. तिचे पहिले इमाम काझी अब्दुल्लाह बिन काझी अब्दुस्सलाम. लोक त्यांना तुआन गुरू म्हणतात. ‘गुरू’ शब्द एका इमामाच्या नावात ऐकून आम्हांला गंमत वाटली. मलय भाषेत तो कधीच रुळलेला आहे, आणि तिथे कुणाला त्याचा त्रास होत नाही. हे गृहस्थ आजच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटाच्या राजघराण्यातले. १७८० साली डचांनी त्यांना राजकीय कैदी म्हणून केपला आणले आणि रॉबेन बेटावर टाकले. होय, तेच बेट, जिथे पुढे नेल्सन मंडेला होते. बारा-तेरा वर्षांच्या त्या कैदेत या माणसाने संपूर्ण कुरआन शरीफ केवळ पाठांतरावर हाताने लिहून काढले. हाताशी ग्रंथ नाही, विचारायला हाफिज नाही. सुटल्यावर त्यांनी डॉर्प स्ट्रीटवर मदरसा काढला आणि गुलामांची, सुटलेल्या गुलामांची मुले त्यात शिकू लागली. त्यांच्या हातचे एक हस्तलिखित १९८० च्या दशकात मशिदीच्या दुरुस्तीच्या वेळी माळ्यावर सापडले. आता ते मशिदीत मजबूत काचेच्या पेटीत आहे. चोरीचे प्रयत्न झाले म्हणून एवढा बंदोबस्त.

या मशिदीची जागा एका बाईची होती, हेही सांगितले पाहिजे. सार्त्ये व्हान दे काप. तिचा बाप कोरिडॉन हा सिलोनहून आणलेला, गुलामीतून सुटलेला मुसलमान. जागा वारशाने तिच्याकडे आली. तिचा नवरा अहमद हा बंगालचा; तो पुढे याच मशिदीचा इमाम झाला. जोवर केपमध्ये इस्लाम आहे तोवर ही जागा मशिदीसाठीच राहील, अशी तजवीज सार्त्येने करून ठेवली. आडनाव नाही, गाव नाही, नावापुढे नुसते ‘केपची’. आपल्याकडे मशिदीच्या दारावर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात त्यांत अशा किती बाया असतील, याचा विचार करत आम्ही वजूखान्यात बसलो होतो. तिथे अनेक मशिदींत बायकांसाठी जागा आहे आणि बायका येतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाची आई वरच्या मजल्यावरून उतरून त्याला जोडे घालत होती. कुणी वळून पाहिले नाही.

फजरला मात्र आमच्या अंगावर शहारा आला. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामाने हात उचलले आणि कुनूत सुरू केली, मागून “आमीन” उठले. केपचे मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या कोकणातल्या गावच्या मशिदीतही हेच. मुंबईत आल्यापासून आम्ही हनफी इमामांच्या मागे पढतो, त्यामुळे फजरची कुनूत जमातीने पढून बरीच वर्षे झाली होती. आठ हजार किलोमीटर दूर ती परत मिळाली. (आम्ही सात दिवसांच्या नियतीने राहिलो होतो, त्यामुळे कसरची सवलत नव्हती, पूर्ण नमाज पढत होतो.)

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

बो-कापचे लोक घरात आफ्रिकान्स बोलतात. ही भाषा म्हणजे डच मालकांची, पण गुलामांच्या, नोकरांच्या, दायांच्या तोंडी मोडून-वळून नवी झालेली. मलय शब्द तिच्यात मीठासारखे विरघळले आहेत. आभार मानायचे तर ‘त्रामाकासी’. विनंती करायची तर ‘कनाला’. मूळ मलय शब्दांचा अर्थ ‘अल्लाहसाठी’. ईद म्हणजे ‘लबारंग’. आणि भाजीवाल्या दुकानात बेसनात पालक-मिरची घालून तळलेल्या भज्यांना काय म्हणतात? ‘डालची’. डाळीला आफ्रिकान्सचा लाडाचा प्रत्यय. आम्ही सहा घेतल्या, दोन रस्त्यातच संपल्या.

ही भाषा सर्वांत आधी शिस्तीने लिहिली कुणी? आम्हांला शाळेत कळलेल्या इतिहासाप्रमाणे गोऱ्या बोअर लोकांनी लिहिली असणार. त्यांनी १८७५ साली आफ्रिकान्ससाठी संस्था काढली, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून केपच्या मदरशांत मुले आपल्या वह्यांत आफ्रिकान्स लिहीत होती, अरबी अक्षरांत. उस्ताद दीनियात आफ्रिकान्समध्ये समजावून सांगत, मुले ते अलिफ-बे-ते वापरून उतरवून घेत. १८६०च्या दशकात उस्मानी सुलतानाने अबू बक्र एफेंदी नावाचे आलिम केपला पाठवले. त्यांनी तिथे राहून लोकांची भाषा शिकून ‘बयानुद्दीन’ हा फिकहचा ग्रंथ आफ्रिकान्समध्ये, अरबी लिपीत लिहिला आणि तो १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापला गेला. ज्या भाषेला गोरे लोक तेव्हा स्वयंपाकघरातली बोली म्हणून हिणवत होते तिच्यात नमाजचे, जकातचे मसाइल छापून तयार होते.

(एफेंदींची एक गोष्ट कोकणवासीयांसाठी. ते स्वतः हनफी मताप्रमाणे शिकवीत. त्यांनी फतवा दिला की शेवंड हराम. केपचे मुसलमान शाफई, शिवाय त्यांतले अनेक मच्छीमार. एवढे मोठे आलिम, पण त्या शेवंडीपायी त्यांची लोकप्रियता बरीच घटली. आमच्या गावात असा फतवा निघाला असता तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनी करावी.)

आम्हांला आयुष्यभर दोन प्रश्न विचारले गेले. शाळेत, कचेरीत, लोकलमध्ये: “तुम्ही मुसलमान, मग मराठी इतके चांगले कसे?” आणि लग्नसमारंभात, उत्तरेकडच्या पाहुण्यांकडून: “आप लोग मुसलमान होके मराठी बोलते हैं घर में?” पहिल्या प्रश्नात कौतुक असते, दुसऱ्यात कीव. दोन्हींत गृहीत एकच, की ही भाषा आपली नव्हे, उसनी आहे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, शाहीर अमर शेखांनी डफावर थाप मारली ती मराठीतच, १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही नावे सांगून सांगून आमचा घसा कोरडा पडला आहे. बो-कापमध्ये पहिल्यांदा असे झाले की प्रश्न विचारायची पाळी आमची होती आणि समोरच्याला प्रश्नच कळला नाही.

मदरशात मुलांना शिकवणाऱ्या एका तरुण उस्तादांना आम्ही विचारले, “तुम्हांला कुणी म्हणत नाही का, की आफ्रिकान्स ही जुलूम करणाऱ्यांची भाषा आहे? १९७६ साली सोवेटोत मुले या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि गोळ्या खाऊन मेली.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणतात ना. पण माझ्या आजीने मला पहिला कलमा ज्या भाषेत समजावला ती जुलमाची कशी होईल? जुलूम करणारे नंतर आले आणि आमची भाषा घेऊन गेले.” उत्तर पुरेसे आहे का? सोवेटोतल्या आईला विचारले तर ती नाही म्हणेल, आणि तिचे म्हणणेही ऐकावे लागेल. खुद्द बो-कापमध्ये आता बरीच मुले इंग्रजीच बोलतात. आपल्या घरांत तरी वेगळे काय चालले आहे?

बो-कापच्या वरच्या टोकाला ताना बारू आहे. ताना बारू म्हणजे नवी जमीन. मुसलमानांचे जुने कब्रस्तान. तुआन गुरूंची कबर इथेच, १८०७ ची. एफेंदीही इथेच. १८८६ च्या जानेवारीत सरकारने आरोग्याच्या कायद्याखाली हे कब्रस्तान बंद केले, तेव्हा सुमारे तीन हजार मुसलमान एका लहान मुलाचा जनाजा घेऊन खांद्यावरून चढावर आले आणि बंदी मोडून त्यांनी दफन केले. खाली पोलीस उभे होते. गवतात तिरक्या झालेल्या शिळा आहेत, पुष्कळांवर नाव नाही. तिथून बंदर पूर्ण दिसते, क्रेन, जहाजे, त्यापलीकडे रॉबेन बेटाची चपटी रेघ. आम्ही फातिहा पढत असताना वर सिग्नल हिलवर तोफ उडाली. ही दुपारी बाराची तोफ, १८०६ पासून रविवार सोडून रोज उडते. कबुतरे उडाली, खाली एक कुत्रे भुंकले, आम्ही सोडून कुणी दचकले नाही.

खाली उतरताना भिंतींवर पाट्या दिसतात: ही घरे विक्रीला नाहीत. शहराच्या मध्यापासून इतक्या जवळची जमीन सोन्याच्या भावाची झाली आहे. बाहेरचे लोक घर घेतात, पर्यटकांना भाड्याने देतात, घरपट्टी वाढते, पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला ती झेपत नाही, ती विकते. २०१८ मध्ये उंच इमारतींविरुद्ध इथल्या लोकांनी निदर्शने केली, रमजानमध्ये रस्त्यातच इफ्तारला बसले. त्यांच्या शब्दात इफ्तार म्हणजे ‘बूका’. पुढच्या वर्षी सरकारने बो-कापमधल्या एकोणीस जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केल्या. त्याने मशिदी वाचतील. मशिदीत येणारा माणूस पाच घरे पलीकडे राहायला उरेल की नाही, हे त्याने ठरत नाही. भेंडीबाजार, डोंगरी, मोमीनपुरा यांचे वाचक हे वाक्य आमच्यापेक्षा चांगले समजतील.

माणसे गेली आणि मशीद राहिली, असे पाहायचे असेल तर पूर्वेला वीस-पंचवीस मिनिटे चालावे. डिस्ट्रिक्ट सिक्स. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णद्वेषी सरकारने हा सारा मोहल्ला गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केला. साठ हजारांहून अधिक लोकांना उचलून दूरच्या वाळूच्या सपाटीवर टाकले आणि घरांवर बुलडोझर फिरवला. मशिदी आणि चर्चे तेवढी ठेवली. बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चमध्ये १९९४ पासून या वस्तीचे संग्रहालय आहे. जमिनीवर मोहल्ल्याचा मोठा नकाशा रंगवला आहे आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नाव लिहिले आहे. वरून रस्त्यांच्या मूळ पाट्या टांगलेल्या. एक पन्नाशीतला मुलगा आपल्या आईचा हात धरून नकाशावर चालत होता. ती एका जागी थांबली आणि चप्पल काढून बाजूला ठेवली. मग पुढे गेली नाही. आम्ही बाहेर आलो. बाहेर ती जागा अजून बरीचशी मोकळी आहे, गवत वाढलेली. मधोमध म्यूर स्ट्रीटची झीनतुल इस्लाम मशीद. शुक्रवारी तिच्याभोवती गाड्या लावायला जागा नव्हती. ज्यांचे बापजादे इथून हाकलले गेले ते वीस-वीस किलोमीटरवरून जुम्म्याला इथेच येतात.

शनिवारी आम्ही सी पॉइंटच्या समुद्रकाठच्या वाटेवर चाललो. सहा-सात किलोमीटरची सपाट फरसबंदी, एका बाजूला फेसाळ पाणी. एकट्या माणसाला दिवसा चालायला याहून चांगली जागा नाही. याच किनाऱ्यावर रमजानचा आणि ईदचा चाँद बघायला हजारो लोक जमतात, बायकामुलांसह, डबे घेऊन. चाँद पाहणाऱ्यांचे नेमलेले लोक असतात, ‘मानकायकर्स’. दुर्बिणीवर नव्हे, डोळ्यांनी दिसला पाहिजे असा आग्रह. दिसला तर ईद, नाही तर उद्या. आपल्याकडे रात्री अकराला फोनवर फोन करून मुंबईचे काय, लखनौचे काय, अशी जी दमछाक होते ती आठवून आम्हांला त्या लोकांचा हेवा वाटला.

रविवारी सकाळी कूसिस्टर खाल्ल्या (बडीशेप, वेलची, सुंठीचे तळलेले गोळे, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले) आणि टॅक्सीने रायलँड्सला गेलो. चालण्याजोगे अंतर नव्हते. तिथे जायचे कारण वेगळे होते. वर्णद्वेषाच्या कायद्याने बो-काप फक्त ‘केप मलय’ लोकांसाठी ठरवला तेव्हा हिंदी मुसलमानांना तिथून बाहेर पडावे लागले. एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांची वंशाप्रमाणे वाटणी झाली. हिंदी लोकांसाठी ठरलेल्या वस्त्यांपैकी एक रायलँड्स, आणि तिथे आपले कोकणी आहेत. मोर्बे, कालुस्ते, कर्जी अशा गावांतून विसाव्या शतकाच्या आरंभापासून माणसे केपला गेली, वाणसामान आणि फळांच्या दुकानांवर राबली. बायका गावी. परमिट तीन वर्षांपर्यंतचे; गावी गेलेला माणूस त्या मुदतीत परतला नाही तर केपचा दरवाजा बंद. म्हणून कित्येकांनी मुलांचे बालपण तीन-तीन वर्षांच्या अंतराने पाहिले.

हबीबिया मशिदीत जोहरनंतर एका चाचांनी आमच्याकडे दोनदा पाहिले आणि सरळ कोकणी बोलीत गाव विचारले. ऐंशीच्या घरातले. जन्म तिथलाच, पण आईकडून बोली आलेली. शब्द असे काढत होते की आमच्या आजीच्या तोंडून ऐकून चाळीस वर्षे झालेले. पावसाळ्यात नदी चढते का अजून, सुके बांगडे लोक घालतात का, मशिदीजवळची विहीर आहे की बुजवली. त्यांचे गाव आमचे नव्हे, दोन खाड्या पलीकडचे. तरी जे माहीत होते ते सांगितले. नात शेजारी उभी होती, कॉलेजात जाणारी. तिला यातले काहीच कळत नव्हते, ती नुसती आजोबांच्या तोंडाकडे पाहत होती.

निघताना त्यांनी खिशातून औषधाच्या दुकानाची पावती काढली, पाठची बाजू कोरी होती. म्हणाले, बोलता येते, लिहिता कधीच आले नाही. आमच्या गावाचे नाव गावच्या अक्षरांत लिहून द्या. आम्ही लिहिले. त्यांनी चष्मा लावून पाहिले, मग नातीला दिले. तिने विचारले, कुठून वाचायचे, उजवीकडून की डावीकडून? डावीकडून, आम्ही म्हटले. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि पावती आजोबांना परत दिली. टॅक्सी येऊन उभी होती.